हजेरीपट, तीन प्रतींत

डिंगणकर सर दहाला आले,
काखेत बॅनर, बॅनरवर योजनेचं नाव.
पर्वतीच्या पायथ्याशी आमची महापालिकेची शाळा,
सभागृह नाही, म्हणून आठवी-नववीमधली
सरकती भिंत सरकवली.
मुलगे डावीकडे, मुली उजवीकडे,
मध्ये मी, विज्ञानाची बाई,
पंख्याच्या बटणाजवळ.

चाळीस मिनिटं एकच शब्द: संयम.
फळ्यावर लिहिला, खाली दोन रेघा.
समजलं का?
एकशे बारा गळ्यांतून एकच होकार,
पाढे म्हणतात तसा.
मग शपथ, उजवा हात पुढे.
मग राजगिऱ्याची वडी आणि सही.
एक प्रत सेंट्रल बिल्डिंगला, एक संस्थेला, एक आम्हाला.
रकान्याचं नाव: लाभार्थी.

शंकापेटी ते विसरले.
बुटाचा खोका, वर फट, हस्तकलेचा लाल कागद.
मी आठवण केली तर म्हणाले,
राहू द्या बाई, मंजूर पुस्तिकेत
उत्तरं नाहीत.

स्वारगेटहून कात्रजची बस, खोका मांडीवर.
शेजारच्या मावशींनी विचारलं, बूट लक्ष्मी रोडचे का?
मी हो म्हटलं.

रात्री ओट्यावर चिठ्ठ्या उलगडल्या.
कॅनॉलमध्ये पोहलं की दिवस जातात का?
मेडिकलवाला विचारतो कोणासाठी. काय सांगायचं?
एकीवर नुसतं प्रश्नचिन्ह, पेन दाबून,
कागद फाटेस्तोवर.
एकीवर आकृती. बरी काढलीय, नावं चुकलीत.
नावं मी शिकवलीच नव्हती.
त्या धड्याला अकरा वर्षं मी म्हणतेय,
घरी वाचून या.

आणि एक, घडीवर घडी घातलेली:
"सर, शाळेत मी शपथ घेतली.
आत्याच्या मिस्टरांनी नाही घेतली.
मग माझी मोडली का?"

तो ळ मी ओळखते.
प्रयोगवहीत त्याच्याशेजारी
मी लाल शाईनं 'छान' लिहिलंय.

गॅस बंद होता. तरी मी पुन्हा बघितला.

सकाळी वायचळ बाईंनी कागद पुढे केला:
निधी पूर्ण खर्ची पडला, उद्दिष्ट साध्य झाले.
नंतर करते, म्हटलं.
करणार नाही, असं म्हटलं नाही.
नोकरी आहे, कर्जाचा हप्ता आहे,
आणि मला भीती वाटते, हेही आहेच.

वर्गात फळ्यावरचा शब्द तसाच होता.
पुसला. रेघा निघायला वेळ लागला.
तिथे लिहिलं: नाही मोडली.
खाली हेल्पलाइनचा आकडा, एक शून्य नऊ आठ.
"बाई, काय नाही मोडली?"
मागच्या बाकावरून कोणी विचारलं, काही हसले.
मी म्हटलं, पुस्तक काढा, तोच धडा,
आज इथेच वाचायचाय, मोठ्यानं.

खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकाकडे
तासभर मी मुद्दाम पाहिलं नाही.
बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

मधल्या सुट्टीत
प्रयोगशाळेचं दार सताड उघडं ठेवून बसले.
कालची एक वडी उरली होती,
ती टेबलावर ठेवली,
पलीकडे दुसरी खुर्ची.