बुडबुडा

ढोरकीनच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान.
समुद्र इथून एका रात्रीच्या एस.टी.वर.
तरी एप्रिलात एक माणूस सायकलीवर आला,
करिअरवरचं गोणपाट सोडलं
आणि पितळेचं एक नळकांडं माझ्या टबाशेजारी ठेवलं.
"ट्यूब नाही," म्हणाला, "पण बघता का."

खिल्लारे. जहाजांच्या इंजिनखोलीत तीस वर्षं काढून
ते पैठणला परतले, तेव्हा मागोमाग ट्रकवरून
शिडाची एक जुनी होडी आली.
लोक हसले, नाथसागरात कुणी शीड लावतं का?
ते म्हणाले, वारा पडला तर डिझेल आहे.
आणि ते डिझेल इंजिन रोज संध्याकाळी
पेलाभर हिरवं कूलंट पिऊन टाकायचं.
कुठे जातं, कळेना.

मी ट्रॅक्टरच्या टायरातला खिळा उपटत होतो,
ते उकिडवे बसून सांगत होते:
इंजिनाखाली पुठ्ठा अंथरला, सकाळी कोरडा.
होजपाईप चिंधीनं पुसले, क्लिपांवर
नातीच्या खडूची भुकटी फुंकली,
ओल सुटली तर रेघ उमटेल म्हणून.
नाही उमटली.
पंपाच्या पोटाखालचं भोक, सील गेलं की जे पहिलं रडतं,
तेही ठणठणीत.
तेलाची काडी काढून पाहिली. काळंच होतं.
दुधाळ असतं तर हेड गॅस्केट गेलं म्हणून
मीच रडलो असतो.
झाकणाची स्प्रिंग माझ्या गुडघ्यासारखी झाली होती,
झाकण बदललं.
पेला तेवढाच.

"गरम असताना उघडलंत का कधी?"
त्यांनी बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत
कातडीवर साय धरल्यासारखी सुरकुती.
"एकदाच," म्हणाले.

मला पोहता येत नाही. होडीत पाय ठेवला नाही कधी.
पण बाहेर कोरडं आणि आत कमी,
हे माझं रोजचं आहे.
रात्री टाईट भरलेली ट्यूब सकाळी बसते
आणि गिऱ्हाईक लेकराची शपथ घेतं, खिळा नाही लागला.
हवा कुठून जाते ते माणसाला दिसत नाही,
पाण्याला दिसतं.

दोन्ही टोकांच्या टोप्या काढल्या.
आत बारीक नळ्या, पोळ्यासारख्या. मोजल्या, एकोणीस.
नळ्यांतून धरणाचं पाणी, भोवतीनं कूलंट,
दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही,
असा तो करार, खिल्लारे म्हणाले.
कूलंटच्या एका तोंडाला बूच, दुसऱ्याला व्हॉल्व्ह,
ट्रकच्या ट्यूबचं रबर करकचून बांधलं,
पंप मारला, बुडवलं.

काही नाही.
टबात आभाळ आणि आमची दोन डोकी.

"थंड आहे," ते म्हणाले. "थंडीत तोंड मिटून घेतं."
मी कडुबाईच्या हॉटेलात पळालो.
"नुसतं आधण कामून नेता? पत्ती टाकते की!"
दोन पातेली उकळतं पाणी टबात ओतलं,
वाफेनं चष्मे गेले. थांबलो.
मग खालच्या ओळीतल्या, भिंतीकडच्या नळीतून
बाजरीच्या दाण्याएवढा
एक.
बऱ्याच वेळानं
आणखी एक.

खिल्लारे बोटानं दाखवायचे विसरले, नुसते बघत राहिले.
"चार महिने," म्हणाले,
"धुराड्यातून मी धरणालाच पाजत होतो."

ती नळी त्यांनी दोन्हीकडून झाळून बंद केली,
माझ्याच पायरीवर बसून, हात जराही न हलवता.
"अठरावर चालेल?"
"मी कितीवर चालतोय, विचारलंत का?"

आठ दिवसांनी पुन्हा आले.
खिशातून नातीच्या वहीचं पान काढलं.
त्यावर बाटली काढलेली, बाटलीवर रेघ,
रेघेपुढे आठ तारखा,
सगळ्या रेघेवरच.
काही बोलले नाहीत.
मागच्या चाकात हवा भरून घेतली,
शीळ घालत पैठणच्या बाजूला लागले,
हवेचे पाच रुपये तसेच राहिले.