उंड्यांची खानेसुमारी

खात्याने दिलेल्या तक्त्यात रकाने सतरा.
घर क्रमांक, मालक, मजले, विहीर, संडास,
आणि सर्वांत शेवटी: अपेक्षित वाढ, टक्के.
खारवाड्यावर मी तीन दिवस फिरलो.
त्या शेवटच्या रकान्यात पेन टेकलं
की शाईचा ठिपका पसरायचा, बस.

मालक लिस्बनला. मालक स्विंडनला.
मालक मयत, वारस अकरा, सही एकाचीही नाही.
कुलपांना मात्र तेल असतं घातलेलं.
ते घालतो इनास फुर्ताद, वय एकोणऐंशी,
सात घरांच्या चाव्या त्याच्या कमरेला,
आणि एक आठवी,
ती कुठल्या दाराची ते तो विसरलाय.

चौथ्या दिवशी पहाटे पदेराला गाठलं.
मौलाली, मूळ हावेरीकडचा,
सायकलला टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक,
भोंग्याचा रबर फाटलेला, चिकटपट्टीने बांधलेला.
"तक्ता ठेवा साहेब पिशवीत.
दारं मला पाठ आहेत."

तो आला त्या वर्षी वाड्यावर
एकशे चाळीस उंडे खपायचे.
आता छत्तीस.
पिएदादबायला एक पोयी, मऊ,
कडक पाव तिला चहात बुडवूनही चावत नाही.
सगुण वळवईकारांना दोन.
बायको जाऊन वर्ष उलटलं तरी दोन.
मौलाली काही बोलत नाही,
महिन्याच्या हिशेबात एकच धरतो.

"दहा मीटरचा रस्ता?" पिएदादबाय हसली,
"कोणासाठी रे बाब? शववाहिका वळवायला?
त्यापेक्षा चढणीच्या मध्यावर बसायला काहीतरी टाक.
मी आंब्याच्या मुळावर बसते,
मुंग्या चावतात,
आणि उठवायला कोणी येईपर्यंत
मिस्स संपलेली असते."

सगुणबाब मला बांधावर घेऊन गेले, काठी टेकत.
मानसाची फळी दाखवली, फुगलेली, शेवाळलेली.
ओहोटीला वर, भरतीला खाली,
चार खांदे लागायचे.
"दोघं उरलो. त्यातला एक मी."
पलीकडच्या शेतात खारं पाणी,
मध्ये उभे दोन बगळे.
माझ्या नकाशात ते शेत अजून पोपटी रंगाचं आहे.

शाळेत मुलं पाच.
फळ्यावर तारीख, खाली पटसंख्या,
पाचाच्या आकड्याला बाईंनी वळण छान दिलेलं.
पाचातली तीन मौलालीची.
मी पानं उलटली, त्याचं घर शोधलं.
घर नव्हतं.
भाटकाराच्या क्रमांकाखाली, कंसात: भट्टी, अनिवासी.
भट्टीच्या मागे दोरीवर तीन गणवेश वाळत होते,
धुराचा वास लागलेले.

पणजीला साहेबांनी आलेख पाहिला.
"रेषा खाली कशी जाते?
वाढ दाखवल्याशिवाय निधी येतो का कधी?
आणि वाढ नाही, तर आराखडा कसला करायचा?"
मला उत्तर आलं नाही.
लोकांना म्हातारं होण्यासाठीही
काही मापं लागतात, पायरीची उंची,
फेरीबोटीच्या उताराचा कोन,
हे जिना उतरताना सुचलं.
मी कठडा धरून उतरत होतो.

रात्री नकाशाची सूची काढली.
शाळेला चिन्ह आहे, दफनभूमीला आहे,
पेट्रोल पंपाला तर रंगीत आहे.
बाकाला नाही.
मी एक आडवी रेघ मारली, खाली दोन पाय,
चढणीच्या मध्यावर, आंब्यापाशी.
सकाळी ड्राफ्ट्समन म्हणाला, हे चुकून उमटलंय का,
खोडू?
राहू दे, म्हटलं.

डिचोलीला आमच्या घरी
मी गेल्याच महिन्यात दूध अर्ध्या लिटरवर आणलं.
गवळ्याने विचारलं नाही.
वहीत आकडा बदलला, आणि घंटी वाजवत
पुढच्या फाटकाकडे गेला.

तक्ता परत करायचा शेवटचा दिवस.
सतराव्या रकान्यात लिहिलं: छत्तीस.
पुढे टक्क्याचं चिन्ह आधीच छापलेलं होतं.
ते खोडलं,
आणि त्यावर, जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात:
उंडे.