एकशेवीस

कॅमेऱ्याची पेटी उद्यमनगरात लेथवर करून घेतली.
कडेला कुकरची रबरी रिंग, वरून आठ स्क्रू.
कारागीर म्हणाला, पाणी शिरलं तर माझ्या नावानं शंख करू नका.
पैसे मात्र आधीच घेतले.

विहीर जोतिबाच्या वाटेला, उसात लपलेली.
पाण्याखाली दोन कमानी, कमानींआड खोली.
शेजारच्या मळ्यातला म्हातारा सांगतो,
त्याचा आजा मोट सोडून दुपारी तिथं झोपायचा,
गार फरशीवर, उघड्या पाठीनं.
मग कालवा आला, झरे वर चढले,
आणि खोली आपल्या जागीच राहिली.

अमावस्या आम्हीच निवडली,
या फोटोला चांदणंही चालत नाही.
म्हाताऱ्याची बायको दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवून गेली.
"आसरा हायत. इचारून उतर."
धुळाप्पानं विचारलं. खरंच विचारलं,
शेवटच्या कोरड्या पायरीवर उकिडवा बसून,
हलक्या आवाजात, जसं परक्या घरात पाणी मागावं.

धुळाप्पा भोई.
पंचगंगा पात्राबाहेर पडली की याला घरून उठवून नेतात.
गढुळात डोळे कामाचे नाहीत, म्हणतो, हातानं बघायचं.
हे केस, का शेवाळ.
ही बाही, का पोतं.
हात सांगतो, मग दोर हलवायचा,
आणि वर काठावर एक बाई रडायला लागते.

मी त्याला शिकवलं ते एवढंच:
भिंतीवरनं बॅटरी फिरव, चुना मारल्यासारखी.
काचेवर गुळाच्या रंगाचा कागद लावलाय, तो सोडवू नकोस.
कॅमेऱ्याकडे तोंड नको.
आणि थांबू नकोस कुठं,
थांबलास की तिथं पांढरा डाग पडतो.

दोराला एक झटका.
मी वायरीचं बटण दाबलं, शटर उघडलं,
मोजायला लागलो.
तेरा. चौदा.
मला पोहता येत नाही. लग्नाचे फोटो काढणारा माणूस मी,
हळदीला पिवळा, मांडवात लाल.
चाळीस.
खालून पाण्याला हळूहळू रंग चढत होता,
काहिलीत रस तापताना चढतो तसा.
बेडूक गप्प.
ब्याऐंशी, त्र्याऐंशी.
मग तो उजेड थांबला.
हलेचना.
मी आकडे चुकलो, परत धरले,
दोर हातात गच्च, ओढू का नको,
एकशेदहा,
आणि तो पुन्हा सरकला.

पेटी कोरडी निघाली.
पडद्यावर खोली होती.
घडीव दगड, दगडांवर पाथरवटाच्या खुणा,
छताला अडकलेले त्याच्याच श्वासाचे बुडबुडे,
आणि उजव्या भिंतीत एक कोनाडा, पांढरा फक्क, जळालेला.

"थांबलास का?"
"दिव्याची जागा हाय ती. वर काजळी अजून हाय.
बोट लावलं, निघंना.
रिकामी बघवंना मला. बॅटरी ठेवली तिथं घटकाभर."

मग त्यानं पडदा जवळ ओढला,
ओले केस माझ्या खांद्यावर टपकत,
"आन् मी कुठाय?"
मी सांगितलं, हलतं ते यात उमटत नाही.
तू सगळीकडे होतास, म्हणून कुठंच नाहीस.
तो बराच वेळ बघत राहिला.
"कोनच न्हाई," म्हणाला.
"आत जाऊन आलो, आन् आत कोनच न्हाई."
आणि हसला, दात वाजत होते तरी.

दुसरे दोन फोटो तांत्रिकदृष्ट्या बरे आलेत,
कोनाडा जळालेला नाही, काजळीसुद्धा दिसते.
त्यानं जळालेलाच मागितला.
आक्काताईला दाखवायचाय, म्हणाला,
पुरातनं आल्यावर पाय धुवायला पाणी देताना
ती दर खेपेला विचारते, खाली काय असतं,
आणि तो दर खेपेला म्हणतो, चिखल.

बारा बाय अठराचा काढलाय.
फ्रेमचे पैसे घेत नव्हतो,
तर जाताना दुकानात मासे ठेवून गेला,
वर्तमानपत्रात गुंडाळून,
लग्नाच्या अल्बमांवर.