सदतीस सेकंद

उत्स्योकीच्या वर, जिथे बर्चसुद्धा कमरेएवढेच वाढतात,
खांबावर एक राखाडी डबा आहे.
दर तासाला तो बर्फाची उंची मोजतो.
मी स्नोमोबाइल बंद करते, हातमोजा दातांनी ओढते.
चार स्क्रू. चौथा नेहमीसारखा हट्टी.

आत सगळं झोपलेलं.
जागा फक्त एक काळा चौकोन,
नखाएवढा, सोळा पायांचा,
बटणाएवढ्या सेलवर जगणारा.
त्याच्या पोटात क्वार्ट्‌झचा चिमटा थरथरतो,
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा.
ती थरथर अर्धी करायची, अर्ध्याची अर्धी,
असं पंधरा वेळा.
मग उरतो एक.

नीलास म्हणायचा, याला वेळ कळत नाही, मोजणी कळते.
घरं आहेत याच्याकडे: सेकंदाचं, मिनिटाचं, तासाचं,
वाराचं, तारखेचं, महिन्याचं, वर्षाचं.
दशक वेगळं मांडतो, एकक वेगळं,
पहिलीतल्या पोरासारखं.
एकोणसाठच्या पुढे शून्य, आणि हातचा एक शेजारच्या घरात.
फेब्रुवारी आखूड असतो हे त्याला ठाऊक आहे.
सूर्य आता पाच आठवडे उगवणार नाही,
हे नाही.

गजराचं घर निराळं.
तिथे एक वेळ लिहून ठेवलेली, आणि दर सेकंदाला हा
दोन्ही पाट्या शेजारी धरून बघतो:
नाही.
नाही.
नाही.
जुळल्या तरी ओरडत नाही.
एरवी ताठ असलेली एक तार नुसती खाली ओढतो,
तेवढ्याने अख्खा डबा डोळे उघडतो.
‘आणि ऐकलं, असं उलट सांगावं लागतं बरं का,
नाहीतर तार ओढूनच बसतो बिचारा,
पुढची हाकच मारत नाही.’
हे नीलासनेच घरी शिकायला हवं होतं,
असं त्याच्या बायकोचं म्हणणं.

उपग्रहाची वेळ घेऊन मी ताडून पाहते.
डबा सदतीस सेकंद पुढे.
पुढे?
थंडीत ही घड्याळं मागे पडतात.
नोंदवही उघडते. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर,
त्याचं तिरपं अक्षर: ‘घड्याळ लावलं.’
कशावरून लावलं, ते नाही.

मग आठवतं, त्याचं मनगट.
पोस्टाची बस चुकू नये म्हणून
चार मिनिटं पुढे ठेवलेलं घड्याळ;
सगळं गाव हसायचं, आणि तो बसथांब्यावर
चार मिनिटं एकटा उभा असायचा.

म्हणजे ती चार मिनिटं त्याने इथे ओतली होती.
दोन हिवाळे थंडी ती कुरतडत राहिली,
दिवसाला पाव सेकंद, कधी जरा जास्त.
गेल्या जूनमध्ये आम्ही त्याला पुरला
तेव्हा डब्यात त्याचं दीड मिनिट तरी शिल्लक असणार.
आता सदतीस सेकंद.

दुपारचे बारा व्हायला आले आहेत.
दक्षिणेला आकाश निळं झालंय, शाईच्या धुतलेल्या दौतीसारखं.
याहून जास्त उजाडणार नाही.
वेळ दुरुस्त करायची, नवा सेल घालायचा, परतायचं;
काम दहा मिनिटांचं.
मी काहीच करत नाही. थांबते.

अकरा एकोणसाठ तेवीस.
तार खाली गेली असणार, ते दिसत नाही.
दांडीवरचा डोळा टक् करतो,
आवाज बर्फाला लागून परत येतो:
एक्क्याऐंशी सेंटिमीटर.
नोंद होते, बारा वाजताची.
तार सुटते. डबा झोपतो.
सदतीस सेकंद मी तिथे उभी,
अजून न वाजलेल्या बाराच्या पलीकडे.

मग लिहिते एकेका घरात: दशक, एकक, दशक, एकक.
खरी वेळ.
बोटं बधिर, पेन्सिल दोनदा पडते.
नोंदवहीत, ‘आढळलेला फरक’: अधिक सदतीस सेकंद.
‘कारण’ या रकान्यात
पोस्टाची बस, असं लिहून जातं.
खोडरबर दुसऱ्या खिशात आहे.
मी चौथा स्क्रू आवळते.