‘ग’ची बाधा

मॅनेजरसाहेब, सोहार शाखा,
अर्ज करतो की
माझं खातं तुम्ही रविवारी गोठवलंत.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री आहे,
खिशातलं कार्ड मांडीला चटका देतंय,
या गावात गोठलेलं असेल तर तेवढंच.

काउंटरवरच्या मुलीनं
स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली:
रेसिडेंट कार्डावर अरबीत घंघाराम,
तुमच्या फाइलीत जंजाराम.
दोन माणसं दिसतात.
एका खात्यात दोन माणसं चालत नाहीत.

अरबीत ग नाही, साहेब,
हे मला अकरा वर्षांनी कळलं.
लिहिताना एकानं घ घेतला, दुसऱ्यानं ज,
ज्याच्या हाताला जे लागलं ते.
प पण नाही, च पण नाही म्हणे;
पांचाळचं दोघांनीही बांशाल केलंय,
पण ते सारखंच चुकलंय
म्हणून बरोबर धरलंय.

आमच्याकडे कुणी चार पैसे मिळवून
ताठ चालायला लागला
की म्हणतात, याला ग-ची बाधा झाली.
मला कधी झाली नव्हती.
मान खाली, डोळ्यांपुढे काळी काच,
काचेपलीकडे एक ठिणगी,
एवढंच बघत आलो.
आता झाली ती ही अशी.

मी वेल्डर आहे.
दोन पाइप समोरासमोर आणायचे,
मधे तीन मिलिमीटरची फट ठेवायची
आणि ती भरायची,
आतून बोट फिरवलं तरी कळू नये अशी.
रात्री एक्स-रेवाले येतात,
दोरी बांधून सगळ्यांना लांब हाकलतात,
सकाळी फिल्म उजेडात धरतात.
गेल्या वर्षी चारशे बारा जोड, परत आले तीन.
त्यातला एक मला मान्य नाही, पण ते राहू दे.
प्रत्येक जोडाशेजारी खडूनं लिहितो,
डब्ल्यू एक्केचाळीस.
त्या नंबरावर कुणी कधी हरकत घेतली नाही.

अडकलेत सातशे चाळीस रियाल.
देवरुखला भावानं लेथ ठरवलीय, जुनी, राजकोटची.
मालक पंधरा तारखेपर्यंत थांबतो म्हणाला.
भाऊ रोज रात्री विचारतो.
त्याला कसं सांगू की पैसे आहेत,
फक्त ते कुणाचे, हे ठरायचंय.

मुलगी चांगली आहे. शम्सा बलुशी, बिल्ल्यावर वाचलं.
इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली,
तिचे आजोबा मकरानहून आलेले,
नाव गुल. म्हणजे फूल.
इथल्या कागदावर ग-चा घ झाला,
आणि अरबीत घुल्ल म्हणजे बेडी.
म्हातारा मरेपर्यंत तीच सही करत राहिला.
मग तिनं खणातून हरकतीचा फॉर्म काढला
आणि पेनही स्वतःचंच दिलं.
सात कामाचे दिवस, म्हणाली, शुक्रवार-शनिवार सोडून.

फॉर्ममधे विचारलंय,
आमचा निर्णय चुकीचा का, तीन ओळींत लिहा.
तीन ओळींत काय बसणार?
लिहिलं की
नाव बारशाला आत्यानं ठेवलं, तिनं एकच ठेवलं होतं,
साक्षीला आणली असती, पण तिला गुडघ्यांमुळे एसटीतही चढवत नाही.
तिसरी ओळ कोरी सोडलीय.

खाली चौकट: सही, फाइलीतल्या नमुन्याप्रमाणे.
ही मात्र मला येते.
अकरा वर्षांपूर्वी केली होती तशीच करतो, मराठीत:
आधी आकडा, त्याच्याशेजारी उभी दांडी,
डोक्यावर टिंब.
तुमच्या शाखेत कुणाला वाचता येणार नाही.
जुळवून मात्र बघा.
कुठे फट सापडली तर कळवा;
उन्हाळ्याची सुट्टी आहे आम्हाला,
साडेबारा ते साडेतीन,
मी दारातच असतो.