पान एकशे एक्केचाळीस

त्या कादंबरीचं कव्हर कधीच गेलं.
खाकी कागद चिकटवून मीच नंबर टाकला, ३३०७.
महालातल्या आमच्या वाचनालयात
ती उन्हाळाभर कपाटात गेलीच नाही.
एकानं ठेवली की दुसऱ्याचा हात पुढे.

गोष्ट अशी, की एक बातमीदार बाई
खोटं नाव घेऊन मठात शिरते,
पांढरं नेसते, दोनशे जणांची ताटं घासते,
आणि उशीच्या अभ्र्यात
रोज एक चिठ्ठी शिवून ठेवते.

हेडाऊ काकूंनी रात्री दोनला संपवली.
उठून मागच्या दाराची कडी पाहिली,
मग पुढच्या दाराची,
मग झोपलेल्या नवऱ्याकडे पाहत बसल्या जरा वेळ.
"काही नाही, असंच."

पराते सरांचा आक्षेप शेवटावर.
पोलीस इतक्या लवकर येतच नसतात भाऊ,
मले इतवारीतून इथं यायले पाऊण तास लागते.
तरी शेवटची चाळीस पानं त्यांनी
इथंच उभ्यानं वाचली,
सायकलच्या किल्लीनं कान कोरत.

बारापात्रे काउंटरवर वाकून, हळूच,
हा मठ म्हणजे उमरेड रोडवरचाच ना?
मी म्हटलं, कादंबरी आहे.
"तेच तर म्हणून राहिलो ना मी."

प्रचीती मात्र रागावली.
एमएचं दुसरं वर्ष, स्कार्फ अजून तोंडावर तसाच,
बाहेर शेहेचाळीस.
बाई एकदाही घसरत नाही, म्हणाली.
इतकी पक्की होती तर गेली काहून?
आणि नसेल पक्की, तर लेखकानं लपवलं काय?

मी तेव्हा पान एकशे एक्केचाळीस पाहिलं नव्हतं.

तिथं रात्रीचा जप संपतो,
दिवे जातात,
आणि ती "झोपेचं सोंग घेऊन पडून राहते".
त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ.
समासात बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:
इथं लेखकाला माहीत नाही.
तिथं झोप खरी लागते.

नियम माझाच, भिंतीवर लावलेला,
पुस्तकात लिहिल्यास दहा रुपये दंड.
खोडरबर ड्रॉवरमध्ये असतं.
रजिस्टरात मार्चपासून अकरा नावं,
अकरा सह्या.
अक्षर जुळवून पाहायला पाच मिनिटं लागली असती.
मी रजिस्टर मिटलं.

आठवड्यानं त्या पेन्सिलीखाली
कुणीतरी निळ्या शाईनं विचारलं,
मग तुम्ही परत कशा आलात?

निळं पेन माझ्या खिशाला असतं.

माझा भाऊ शालिक गेला त्याला चौदा वर्षं झाली.
तिथं त्याला दुसरं नाव आहे म्हणतात.
रेशनकार्डावरचं त्याचं नाव
आईनं शेवटपर्यंत कापू दिलं नाही.
मी एकदाच भेटायला गेलो होतो.
चांगला दिसत होता. हेच सांगता येत नाही कुणाला,
की तो चांगला दिसत होता,
डोळ्यांखालचं काळं गेलेलं.

पुस्तक चार जणांकडे फिरून आलं.
काकू परत घेऊन गेल्या, कडी पाहायलाच बहुतेक.
मी दर वेळी आधी ते पान उघडायचो,
मग तारीख पाहायचो.

जूनच्या तीन तारखेला उत्तर होतं.
तीच पेन्सिल, या वेळी टोक केलेली.
मे महिना होता.
एकदम आठवलं, घरी कूलरमध्ये
पाणी कोण भरत असेल.
बाकी काही कारण नाही.

दुपारचे तीन. वाचनालयात कुणी नाही.
वाळ्याचा वास, पंप खरखरतोय.
मी बादली घेतली, टाकीत ओतली,
टाकी भरलेलीच होती,
पाणी खाली वर्तमानपत्रांवर गेलं.

आमच्या घरी ते काम शालिकचं होतं.