नळाचा दिवस

जालन्यात दहाव्या दिवशी नळ यायचा,
आणि आई आधी देवळाचं पिंप भरायची,
मग आमचे हंडे.

पप्पा करवादायचे, "येशू तहानलाय का, शलोमी?"
"हो," म्हणायची, "क्रुसावरनं म्हणाला होता की."

प्रभुभोजनाचे छत्तीस इवले पेले
लिंबाच्या सालीनं घासायची.
एक माझ्या हातून फुटला,
त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं झाकण.
ते नेहमी तिच्याच वाट्याला.

काल नळ आला, पहाटे साडेतीनला.
उठून बघते तर हंडे कोरडे,
आणि पप्पा एका हातानं गुडघा धरून
देवळाच्या फाटकातून आत,
बादली हिंदकळत.

तीन खेपांनी दारात टेकले.
म्हणाले, चहा टाक,
पिंप अजून अर्धंच झालंय.